मागच्या बाजूचे नाव

घरात माणूस गेले की तासाभरात कुणीतरी हळू आवाजात विचारतेच, ‘बाबांचा चांगलासा फोटो आहे का रे एखादा?’ उद्याच्या पेपरात निधनवार्ता द्यायची असते, चौकात फ्लेक्स लागणार असतो, दिवाणखान्यात पाटावर ठेवायला तसबीर हवी असते. मग चार जण चार मोबाइल घेऊन बसतात. पुण्याजवळच्या वाकडमधल्या एखाद्या उंच इमारतीतल्या सदनिकेत रात्री अकरा वाजता चाललेला हा शोध आता इतका ओळखीचा झाला आहे की त्याचे टप्पेही पाठ व्हावेत. आधी नातवाच्या वाढदिवसाचे दोनशे फोटो सरकतात. त्यात आजोबा आहेत, पण केकच्या मागे, अर्धे. मग गोव्याची सहल. तिथे डोळ्यांवर गॉगल. मग नातेवाइकांच्या गटावर निरोप जातो. शेवटी पुतणीच्या लग्नातला एक सापडतो. फेटा बांधलेला, चेहरा प्रसन्न. शेजारची माणसे कापून, मागे आकाशी रंग भरून तो पहाटेपर्यंत तयार होतो. हार घातल्यावर कुणाच्या तरी लक्षात येते की आजोबांच्या डाव्या खांद्यावर एक हात तसाच राहून गेला आहे. मनगट, दोन बांगड्या, चार बोटे. कुणाचा हात, ते आता कळायला मार्ग नाही.

ज्या माणसाचे गेल्या दहा वर्षांत हजारभर फोटो निघाले, त्याचा एक धड फोटो घरात सापडू नये, याला काय म्हणावे? आज १९ ऑगस्ट. जागतिक छायाचित्रण दिन. कॅमेऱ्यांच्या सवलतींच्या जाहिराती आज भरपूर दिसतील. आम्हांला मात्र त्या खांद्यावरच्या हाताबद्दल लिहायचे आहे.

१८३९ साली याच तारखेला पॅरिसमध्ये विज्ञान आणि ललित कला या दोन अकादमींच्या संयुक्त सभेत फ्रान्स्वा आरागो यांनी लुई दागेर यांची छायाचित्रणाची कृती जगासमोर उघड केली, म्हणून हा दिवस. पण दागेर यांच्या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच प्रतिमा उमटे. तिची दुसरी प्रत निघत नसे. पत्रा गेला की चेहरा गेला. कागदावर निगेटिव्ह करायची आणि तिच्यावरून हव्या तितक्या प्रती काढायच्या, ही युक्ती इंग्लंडच्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांची. आपल्या घरोघरच्या अल्बमांचे खरे मूळपुरुष ते. कागदी फोटोची थोरवी सांगायला दागेर यांचा मुहूर्त धरणे हा तसा अन्यायच आहे. पण टॅलबट यांचा दिवस कुणी पाळत नाही, त्याला आमचा इलाज नाही.

कागदाचीही कहाणी सरळ नव्हती. टॅलबट यांच्या काळातल्या प्रती काही वर्षांतच पिवळ्या आणि फिक्या पडू लागल्या. तेव्हा लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने १८५५ मध्ये या एकाच प्रश्नावर, फोटो का विरतात, यावर समिती नेमली. व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी तिला पदरचे पैसे दिले. समितीने मुख्य दोष दिला तो हायपोला. फोटो पक्का करण्यासाठी वापरतात ते हे रसायन. पाण्याने पुरते धुतले नाही तर कागदात राहते आणि चांदीला आतून खाते. मराठीत आपण कपड्यांसारखाच रोलही ‘धुवायला’ टाकत आलो. त्या साध्या क्रियापदात सगळे शास्त्र आले होते, हे स्टुडिओवाल्याला ठाऊक होते, आपल्याला नव्हते. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांपैकी होते. म्हणजे या कलेत मराठी माणूस उशिरा आलेला नाही. उशीर झाला तो सांभाळण्यात.

कुठल्याही मराठी घरात करून पाहता येईल असा एक प्रयोग आहे. आजीच्या लग्नाचा फोटो, आईच्या लग्नाचा अल्बम आणि मुलीच्या लग्नाचे फोटो शेजारी ठेवा. आजीचा कृष्णधवल फोटो, स्टुडिओत चार वेळा धुतलेला, बहुधा अजून ठणठणीत असतो. मुंडावळ्यांचा मोती न् मोती मोजता येतो. आईचा अल्बम सत्तरीच्या किंवा ऐंशीच्या दशकातला, रंगीत, तेव्हा अपूर्वाईचा. त्यातले सगळे वऱ्हाड आता तांबूस झाले आहे. भटजी, मंडप आणि हिरवा शालू एकाच रंगाचे. मुलीचे फोटो एका सीडीत आहेत आणि ती सीडी चालवायला घरात यंत्र नाही. काळ पुढे गेला तसे जिन्नस टिकाऊ होतील अशी आपली समजूत असते. इथे ती उलटी पडली.

कारण समजून घेण्यासारखे आहे. कृष्णधवल फोटोतला काळा रंग म्हणजे चांदीचे कण, धातू. नीट धुतला, कोरडा ठेवला तर तो शंभर वर्षे सहज काढतो. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ कागदावर छापलेले, बाहेर पांढरी कड सोडलेले फोटो आजही कपाटांत सापडतात ते यामुळे. रंगीत फोटोत मात्र चांदी शेवटी काढून टाकतात आणि उरतात तीन रंगद्रव्यांचे थर: निळसर, किरमिजी, पिवळा. त्या काळच्या कागदांवर निळसर थर सगळ्यांत कच्चा. तो उजेड नसतानाही, बंद कपाटातही विरत जाई. तो विरला की उरते ती लाली. कपाटाच्या तळाशी कापडात गुंडाळून ठेवलेले फोटोसुद्धा लाल झाले, यात आईचा काही दोष नाही. नंतरच्या कागदांत हा दोष पुष्कळ सुधारला. आज चांगल्या लॅबमध्ये रसायनांनी धुतलेली रंगीत प्रत किंवा पिगमेंट शाईने आम्लमुक्त कागदावर काढलेली प्रत आईच्या अल्बमापेक्षा कितीतरी अधिक टिकते. म्हणजे छापायला इतका चांगला काळ यापूर्वी नव्हता आणि नेमके आताच आपण छापणे सोडले आहे.

हे सगळीकडेच खरे आहे, मग वाकडबद्दल वेगळे का लिहायचे? कारण या गावात दोन तऱ्हेची माणसे राहतात आणि दोघांचीही गरज सारखीच निकडीची आहे. पहिली इथलीच. १९९७ साली वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आले, शेजारी हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाची कार्यालये उभी राहिली आणि शेते बघता बघता ‘प्रोजेक्ट’ झाली. कस्पटे वस्ती, विनोदे वस्ती, भूमकर चौक ही नावे आज रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती उरली आहेत. पण ती माणसांची, कुळांची नावे आहेत. त्या वस्त्यांवरची घरे कशी होती? मुळेच्या काठाने गावात येणारी वाट कुठून होती? चैत्र पौर्णिमेला म्हातोबाचे बगाड हिंजवडीहून वाकडला येते, तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांना आज मोबाइलचे जंगल उभे असते. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या बगाडाचा, मागे मोकळे रान दिसत असलेला फोटो गावात किती घरांत निघेल? असतील, दोन-चार नक्की असतील. एखाद्या पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या कागदपत्रांच्या आणि सोसायटीच्या पावत्यांच्या मध्ये. सातबारा जपला गेला, कारण त्याला भाव होता. फोटोत ते शेत दिसत होते, एवढेच.

दुसरी माणसे बाहेरून आलेली. जळगाव, लातूर, नागपूर, बेळगाव, शिवाय साऱ्या देशातून. दोन सुटकेसा आणि एक लॅपटॉप घेऊन आलेली. त्यांच्या घरांच्या भिंती पाहाव्यात: टीव्ही, घड्याळ, एखादी मांडणी. आईवडील गावी, आईवडिलांचे फोटो गावच्या घरी, आणि गावचे घर बंद. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारायचा नाही असे करारात लिहिलेले असते, हेही खरे. या घरांत वाढणाऱ्या मुलाला पणजीचा चेहरा दिसायचा कुठे? आमच्या लहानपणी तो येता-जाता दिसायचा. जेवताना, भांडताना, पाढे म्हणताना. ओळख करून द्यावी लागत नसे.

या औद्योगिक पट्ट्याला बाहेरून आलेली माणसे नवीन नाहीत, हेही आठवले पाहिजे. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात सिंधमधून निर्वासित आले. घाईत निघालेल्या माणसांनी दागिने आणि कागद उचलले, अल्बम उचलले नाहीत, तर नवल कसले? पुढे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, मग बजाज, मग टेल्को. खेड्यांतून आलेला कामगार चाळीत राहिला, मग प्राधिकरणात घर झाले. त्याच्या दिवाणखान्यात एक फोटो हमखास असतो: पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल साहेबाच्या हातून घड्याळ स्वीकारताना. थोडे अवघडलेले स्मित, इस्त्रीचा सदरा, कडक पाय. पिंपरी-चिंचवडचा सामाजिक इतिहास कुणाला लिहायचा असेल तर त्याने हे फोटो मागावेत. कंपनीचे वार्षिक अहवाल नंतर पाहता येतील.

आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हते, त्यांचे? कॅमेरा ही चैन होती. गावाकडच्या कित्येक आज्यांचा पहिला फोटो निघाला तो मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या काळात, १९९३ पासून मतदार ओळखपत्रे आली तेव्हा. पदर डोक्यावर, डोळे फ्लॅशला घाबरलेले. कित्येकींचा तोच एकमेव. त्या टपाल तिकिटाएवढ्या फोटोवरून पुढे मोठी तसबीर करून घेतलेली आम्ही पाहिली आहे. चेहरा जेमतेम ओळखू येतो, पण घरच्यांच्या लेखी ती आजीच असते. ज्या घराने इतक्या कष्टाने एक फोटो मिळवला, त्या घरातली नातवंडे आज दिवसाला पन्नास काढतात आणि एकही ठेवत नाहीत.

‘ठेवत नाहीत कसे, सगळे क्लाउडवर आहे,’ असे उत्तर येईल. विशेषतः वाकडात येईल, कारण तो क्लाउड चालवणारे हातच इथे राहतात. त्यांनाच आम्ही विचारतो: तुमचे ऑर्कुटवरचे फोटो कुठे आहेत? २००७-०८ साली हिंजवडीत पहिली नोकरी लागली, चार मित्रांनी मिळून फ्लॅट घेतला, त्या फ्लॅटच्या गच्चीवरचे? ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. फोटो उतरवून घ्यायला पुढे मुदत दिली होती, पण मुदती पाळण्याचा आपला लौकिक सर्वांना माहीत आहे. गूगल फोटोजमध्ये अमर्याद फुकट जागा होती, ती सोय १ जून २०२१ पासून संपली. यात फसवणूक नाही. धंद्याचे नियम धंदा ठरवतो आणि बदलतो. फक्त आपल्या आजोबांचा चेहरा कुणाच्या तरी धंद्याच्या अटींवर टांगलेला आहे, एवढे ध्यानात ठेवावे. इंटरनेटच्या जनकांपैकी एक आणि गूगलचे उपाध्यक्ष विंट सर्फ यांनीच फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीरपणे बजावले होते की आजच्या फायली उघडणारी यंत्रे आणि प्रणाली उद्या नसतील, तेव्हा जे फोटो खरोखर जिवाभावाचे असतील ते छापून ठेवा. हे कुणा जुन्या स्टुडिओवाल्याने म्हटले असते तर आपण त्याच्या पोटापाण्याचा विचार करून हसलो असतो.

शिवाय कुलूप आहेच. माणूस जातो तेव्हा फोनचा आकडी संकेत बरोबर घेऊन जातो. अल्बमाला कुलूप नसते.

तरीही यंत्र बंद पडेल, कंपनी बुडेल ही भीती आमच्या मते दुय्यम आहे. खरा प्रश्न निवडीचा आहे. छत्तीसचा रोल होता तेव्हा माणूस विचार करून बटण दाबी आणि रोल संपेपर्यंत गणपतीपासून दिवाळीपर्यंतचे सगळे सण त्याच रोलवर येत. धुवून आल्यावर त्यातले दहा-बारा अल्बमात जात. त्या दहा-बारांत घराने काय जपायचे ते ठरवलेले असे. आजच्या फोनमधल्या वीस हजार फोटोंतून कुणीच काही ठरवलेले नाही. पार्किंगचा खांब, लाइटबिल, औषधाची चिठ्ठी, शुभ सकाळचे गुलाब आणि आईचा शेवटचा वाढदिवस एका रांगेत. हा ढीग मुलांच्या स्वाधीन करून आपण त्यांना वारसा देत नाही, काम देतो. आणि ते काम ती करणार नाहीत, कारण त्या ढिगातले कोण कोण, हे त्यांना माहीत नाही. छापायचे म्हटले की निवडावे लागते. चार पैसे पडतात म्हणून का होईना, डोळे उघडून पाहावे लागते.

निवडीइतकेच महत्त्वाचे आहे नाव. इथे एका फोटोची हकिकत सांगितलीच पाहिजे. १० ऑक्टोबर १८८५. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये तीन परदेशी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात एकत्र बसून फोटो काढून घेतात. डावीकडे साडीतल्या आनंदीबाई जोशी, मध्ये किमोनोतल्या जपानच्या केइ ओकामी, शेजारी सीरियाच्या सबात इस्लामबुली. आनंदीबाई पुढच्या वर्षी डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, वयाची बावीस वर्षे पुरी व्हायच्या आत. तो फोटो आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे आणि जगभर पोचला आहे. तो पोचला याचे एक कारण असे की कुणीतरी प्रतीवर तिघींची नावे, गावे आणि तारीख लिहून ठेवली. लिहिताना चुकाही केल्या. इस्लामबुलींचे नाव ‘तबात’ झाले. आनंदीबाईंच्या गावाचे ‘सेरानिसोर’ असे काहीतरी झाले, ते बहुधा बंगालमधले श्रीरामपूर, जिथून त्या निघाल्या होत्या. पण चुकीचे का होईना, नाव होते म्हणून धागा सापडला. ती ओळ नसती तर संग्रहात एक सुंदर, निनावी फोटो उरला असता: ‘पौर्वात्य वेषातल्या तीन स्त्रिया’.

आपल्या घरांत असेच निनावी फोटो भरलेले आहेत, आणि त्यात निनावी कोण असते? बायका. पुरुषांच्या ओळी ओळखता येतात. अण्णा, तात्या, मुंबईचे मामा. खाली सतरंजीवर बसलेल्या बायकांपाशी येऊन बोट थबकते. ‘ही मोठी काकू. आणि ही... ही कुणाची तरी बहीण.’ लग्नात नाव बदलले, नंतर ‘अमक्याची आई’ झाली, आणि पन्नास वर्षांनी फोटोत नुसते नऊवारी लुगडे उरले. म्हणून नाव लिहायचे तर तिचे माहेरचे नाव आणि गावही लिहावे. ‘मोठी काकू’ ही ओळख सांगणारा पुतण्या आहे तोवरच चालते. आणखी एक माणूस अल्बमांतून कायमचा गायब असतो: फोटो काढणारा. आग्फा क्लिक घेऊन सगळ्यांना उन्हाकडे तोंड करून उभे करणारे वडील स्वतः कुठेच नाहीत. फार तर अंगणात पडलेली त्यांची सावली. त्या सावलीवरही नाव घालायला हरकत नाही.

आता कामाचे बोलू. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो छापायला देऊ नका. वाटेत तो आकसतो, आणि कधी, कोणत्या कॅमेऱ्याने काढला ही आतली माहितीही गळून पडते. चार बाय सहा इंचांच्या चांगल्या प्रतीला साधारण १२०० गुणिले १८०० ठिपके लागतात. आलेल्या फोटोत ते कसेबसे निघतील. पण भिंतीवरच्या बारा बाय अठराला ३६०० गुणिले ५४०० लागतात, तिथे चेहऱ्याचा रवा होतो. मूळ फाइल मागा, ती फाइल म्हणूनच मागा. घरच्या साध्या प्रिंटरवर काढलेल्या प्रती दारावर चिकटवायला ठीक. त्यांतली डाय शाई हवेने आणि उजेडाने फार लवकर उडते, आणि पाण्याचा थेंब पडला तर पसरते. पिढ्यांसाठी म्हणून काढायची ती प्रत लॅबमधूनच काढावी आणि कागद कोणता, शाई कोणती, हे विचारायला लाजू नये. साडी घेताना आपण सूत सुटे करून बघतो. चार बाय सहाची प्रत चहा-वड्याच्या पैशांत होते. लग्नाच्या करिझ्मा अल्बमावर पन्नास-पन्नास हजार घालणाऱ्या घरांनी तरी किमतीचे कारण सांगू नये. त्या अल्बमाचे वजन इतके असते की तो कपाटाबाहेर येतच नाही, ही निराळी तक्रार.

लॅमिनेशन करू नये, ते परत निघत नाही. नव्वदच्या दशकातले चिकट पानांचे अल्बम घरात असतील तर त्यांतले फोटो आजच सोडवावेत. तो गोंद पिवळा पडतो आणि फोटोला धरून बसतो. त्यापेक्षा पूर्वीचे काळ्या पानांचे, कोपऱ्यांत फोटो खोचायचे आणि मध्ये बटर पेपर असलेले अल्बम शंभर पटींनी शहाणे. ठेवायची जागा म्हणजे आतल्या खोलीतले कपाट. बाहेरच्या भिंतीलगतचे नको, माळा तर नकोच. पुण्याचा पावसाळा सौम्य वाटतो, पण बुरशीला तो पुरतो.

काचेबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण हे आमच्याच घरी घडले. आजी-आजोबांचा १९५० च्या सुमारास एका स्टुडिओत काढलेला फोटो वडिलांनी हौसेने मढवून घेतला. मढवणाऱ्याने काच थेट फोटोवर टेकवली आणि मागे पुठ्ठ्याखाली वर्तमानपत्राची घडी भरली. फ्रेम पश्चिमेच्या भिंतीवर लागली. पंचवीसेक पावसाळे गेले. घर रंगवायला काढले तेव्हा फ्रेम उतरवली, काच पुसावी म्हणून उचलली, तर आजीचे कपाळ कुंकवासकट काचेबरोबर वर आले. आजोबा शाबूत, टोपीसह. आजीच्या जागी पांढरा कागद. दुसरी प्रत नव्हती. निगेटिव्ह विचारायला गेलो तर स्टुडिओ कधीच उठला होता. नंतर जाणत्यांनी सांगितले की चिकटलेला फोटो ओढायचाच नसतो; आहे तसा, काचेवरूनच, त्याचा फोटो काढून घ्यायचा. आणि मढवताना काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट ठेवायची, म्हणजे दोघांत हवा राहते. एवढेसे ज्ञान. ते मिळायला आजीचे कपाळ खर्ची पडले.

दुसरी प्रत असती तर? म्हणून तर टॅलबट यांचे नाव वर घेतले. एकाच घरात, एकाच कपाटात असलेली वस्तू एका पुराची धनी असते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि मुठेकाठच्या पेठांतली घरे गेली, तेव्हा भांडीकुंडी पुन्हा घेता आली. पुण्यात आजही जुन्या फोटोंची चौकशी केली की ‘ते पानशेतात गेले’ हे उत्तर मिळते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला तेच झाले, जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. वाकडही नदीकाठीच आहे. जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर एकट्या यामामोतो गावात स्वयंसेवकांनी चिखलातून सुमारे साडेसात लाख फोटो गोळा केले, धुतले, वाळवले आणि माणसे शोधून शक्य तितके परत केले. ते शक्य झाले कारण ते कागदावर होते; चिखलातून उचललेल्या हार्ड डिस्ककडे पाहून कुणाचे घर ते सांगता येत नाही. आपल्याकडे पुरानंतर भिजलेले अल्बम कचऱ्याच्या ट्रॉलीत जाताना आम्ही पाहिले आहेत. त्यांची आशा लगेच सोडायची नसते. ओले फोटो एकमेकांना चिकटून वाळू देऊ नयेत. स्वच्छ गार पाण्यात ठेवून अलगद सुटे करावेत आणि तोंड वर करून सावलीत वाळवावेत. एका दिवसात जमणार नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावेत, पुढे सवडीने सोडवता येतात.

संगणकावरची प्रत ठेवू नका, असे आम्ही म्हणत नाही. स्कॅन करा. मुंबईच्या अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या इंडियन मेमरी प्रोजेक्टसारखे उपक्रम तर घरगुती फोटो आणि त्यामागच्या हकिकती जगापुढे मांडत आले आहेत. पण पडदा बंद असतो तेव्हा तिथे काही नसते. भिंतीवरचा फोटो कुणी पाहत नसतानाही असतो.

महापालिकेकडे एक मागणी आहे. १९९७ साली हद्दीत आलेल्या गावांतल्या जुन्या माणसांना पालिकेच्या वाचनालयात एक रविवार बोलवावे. त्यांनी फोटो आणावेत, समोरच स्कॅन करून हातोहात परत न्यावेत. प्रत्येक फोटोमागची माणसे, वस्ती, साल लिहून घ्यावे आणि त्याच्या उत्तम कागदावर छापलेल्या प्रतींचा एक संच त्या वाचनालयात ठेवावा. उड्डाणपुलाच्या खांबांवर चित्रे रंगवायला लागतो त्याहून कमी पैसा यात जाईल. ज्यांनी ते रान पाहिले आहे ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

आणि वाचकांकडे एक. गणपती तोंडावर आले आहेत. घरे झाडली जातील, माळे रिकामे होतील, एरवी न भेटणारी भावंडे दीड दिवस एका छताखाली असतील. आरती झाली की अल्बम आणि फोन दोन्ही मध्ये घ्या, घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला शेजारी बसवा आणि चोवीस फोटो निवडा. जास्त नकोत. प्रत्येकाच्या तीन प्रती काढा: एक तुमच्याकडे, एक बहिणीकडे, एक गावी. मागे नावे लिहा, बायकांची माहेरच्या नावासकट. बॉलपेन वापरू नका, ते दाबून लिहावे लागते आणि पुढे चेहऱ्यावर वळ उमटतो. जुन्या कागदाला मऊ शिसपेन्सिल चालते. नव्या गुळगुळीत कागदावर ती उमटत नाही, तिथे लॅबमध्ये मिळणारे फोटोवर लिहायचे पेन घ्या.